विश्लेषण : आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, पण कुणाच्या आधाराने? कल्याण ते फिलाडेल्फिया प्रवासाची दुसरी बाजू

अंबरनाथमध्ये २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उल्हासनगर किंवा बदलापूरच्या मुलीसाठी एमबीबीएसचा वर्ग आता लोकलने एखाद-दोन स्थानकांवर आला आहे. (‘नीट’चा डोंगर चढायचा तो वेगळा.) याच रेल्वेमार्गावरच्या कल्याणात वाढलेल्या एका मुलीला याच शिक्षणासाठी १८८३ मध्ये जवळपास दोन महिन्यांचा समुद्रप्रवास करावा लागला होता. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळेच्या पुस्तकापासून चित्रपटापर्यंत सर्वत्र भेटते. हट्टी नवरा आणि जिद्दी बायको एवढ्यावर मात्र ही गोष्ट बहुतेक वेळा संपते. अनोळखी देशातल्या महाविद्यालयात त्या तीन वर्षे टिकल्या कशा, याची चर्चा फारशी होत नाही.

कल्याणच्या यमुनेची आनंदी कशी झाली?

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे माहेर कल्याणच्या जोशींचे. उल्हासनगर तेव्हा अस्तित्वातही नव्हते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. कल्याण मात्र जुने, रेल्वेने मुंबईशी जोडलेले गाव होते. तिथले सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे यमुनेहून एका वर्षाने मोठे.

नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी या विधुराशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांनी तिला शिकवायचा ध्यास घेतला. या ध्यासात कौतुकाइतकाच धाकही होता. अभ्यास टाळला म्हणून तिने मार खाल्ला आहे आणि पुढे पतीला लिहिलेल्या पत्रात त्याची आठवणही स्पष्टपणे करून दिली आहे. समाजसुधारक पती या चौकटीत गोपाळरावांना बसवताना ही बाजू गाळली जाते, ते बरोबर नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनात राहिले. डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ चरित्रकार इथेच दाखवतात.

अमेरिकेची वाट कुणी उघडली?

कोल्हापूरला असताना १८७८ मध्ये गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी धर्मांतराची अपेक्षा सुचवली आणि तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापून टाकला. मदत काही मिळाली नाही. पण न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीने १८८० मध्ये दंतवैद्याकडे नंबराची वाट पाहताना ते मासिक चाळले. तिने आपणहून आनंदीबाईंना पत्र पाठवले आणि धर्म बदलण्याची कोणतीही अट घातली नाही. पुढची काही वर्षे दोघींची पत्रे समुद्र ओलांडत राहिली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या.

दरम्यान बदल्यांमागून बदल्या होत जोशी दाम्पत्य बंगालमधील श्रीरामपूरला पोहोचले. एकट्या ब्राह्मण स्त्रीने परदेशी जाणे म्हणजे वाळीत पडणे होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण का जातो आहोत हे सांगितले. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, स्त्रीला इथे शिकताना लोकांचा जाच सोसावा लागतो आणि आपण हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. वय अवघे १७. ७ एप्रिलला त्या कोलकात्याहून जहाजात बसल्या, सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या, पण पती नव्हता. ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटर मावशी उभी होती.

महाविद्यालयाने काय दिले?

आधी काही महिने रोझेलच्या घरात गेले. आज ज्याला विद्यार्थ्यांसाठीचे परिचय सत्र म्हणतात, ते आनंदीबाईंचे एका कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आणि दिवाणखान्यात झाले. तिथूनच २८ जून १८८३ रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियाला अर्ज लिहिला. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नसू, पण आपले प्रकरण वेगळे आहे, तेव्हा सवलतीने पाहावे, असे त्यात मोकळेपणाने मांडले होते. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांसाठी हे शिक्षण हवे आहे, हे कारणही दिले होते.

हे महाविद्यालय मुळात अशाच विद्यार्थिनींसाठी होते. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातील अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. अधिष्ठाता होत्या रेचल बॉडली, स्वतः रसायनशास्त्रज्ञ. नियमात बसत नाही म्हणून अर्ज परत पाठवणे त्यांना सोपे होते. त्याऐवजी आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी विद्यार्थी साहाय्य विभाग वगैरे काही नव्हते, बॉडलीबाई हाच तो विभाग.

परदेशातून आलेल्या त्या एकट्याही नव्हत्या. अधिष्ठात्यांनी विद्यार्थिनींसाठी भरवलेल्या स्वागत समारंभाच्या वेळचे १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात लुगड्यात आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केई ओकामी आणि सीरियन पोशाखात साबात इस्लामबुली शेजारी शेजारी बसल्या आहेत. ओकामी आणि इस्लामबुली या दोघींना दीर्घायुष्य लाभले. दोघीही १९४१ पर्यंत जगल्या. आनंदीबाईंकडे हा फोटो काढला तेव्हा दीड वर्षही उरले नव्हते.

मग कमी काय पडले?

शरीराची काळजी. फिलाडेल्फियाचा हिवाळा, शाकाहाराचा नेम, सवयीचे अन्न नाही आणि त्यावर तीन वर्षांच्या अभ्यासाचा ताण. प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या आदल्याच वर्षी शोधला होता, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४० चे दशक उजाडले. त्यामुळे ऊबदार खोली आणि वरणभात मिळाला असता तर आनंदीबाई वाचल्याच असत्या, असे म्हणता येणार नाही. पण आजारपण अंगावर काढत शिकणे हा तेव्हा पर्याय नव्हता, तो एकमेव मार्ग होता. वाळीत टाकण्याची धमकी सोसून आलेल्या मुलीला अर्धवट परतणे शक्यच नव्हते.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एमडी पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आयुर्वेदातील संदर्भ आणि अमेरिकी पाठ्यपुस्तके, दोन्ही त्यांनी वापरली होती. समारंभाला गोपाळराव होते आणि खास निमंत्रणावरून पंडिता रमाबाईही आल्या होत्या. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या १८८७ च्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली ती बॉडली यांनीच. एका विद्यार्थिनीसाठी उभा राहिलेला आधार असा दुसरीच्या कामाला लागला.

(पहिली भारतीय स्त्री डॉक्टर कोण, यावर समाजमाध्यमांत अधूनमधून वाद झडतो. कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली याही १८८६ मध्येच डॉक्टर झाल्या. त्यांनी देशात राहून शिक्षण घेतले आणि पुढे अनेक वर्षे रुग्ण तपासले.)

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाचे प्रमुखपद दिले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, त्या आजारी अवस्थेतच. त्या पदावर काम करणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशीकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत.

आजच्या कॅम्पसवर काय मिळते?

अधिष्ठात्याच्या चांगुलपणावर विसंबण्याची गरज आता कागदोपत्री तरी उरलेली नाही. २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम यांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत महिला विकास कक्षही असतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांप्रमाणे १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. राज्यात आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना समितीच्या सदस्यांची नावे आणि समुपदेशकाच्या वेळा विचारून ठेवाव्यात. हा फलक प्रत्येक ठिकाणी ठळक जागी असतोच असे नाही.

आनंदीबाईंची कागदपत्रे कुठे पाहता येतात?

कल्याणच्या या मुलीचा प्रवेशअर्ज आज फिलाडेल्फियात आहे. तिचे महाविद्यालय पुढे इतर संस्थांत विलीन होत ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले आणि स्त्री डॉक्टरांच्या इतिहासाचे त्याचे दप्तर ‘लेगसी सेंटर’ या अभिलेखागारात जपले गेले. अर्ज, प्रबंध आणि ते तिघींचे छायाचित्र फोनवरही पाहता येते. कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बोस्टनला निघाले आणि पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिले. बहुतेकांना आनंदीबाई माहीत झाल्या त्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मुळे. ती कादंबरी आहे, चरित्र नव्हे, हे तिच्यातले प्रसंग पुढे पाठवताना लक्षात ठेवलेले बरे.

स्त्रियांच्या इतिहासावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबईत दोन महत्त्वाची ठिकाणे आहेत. एक, एसएनडीटी महिला विद्यापीठाचे १९७४ मध्ये सुरू झालेले स्त्री अभ्यास संशोधन केंद्र. दुसरे, १९८८ मध्ये स्थापन झालेले ‘स्पॅरो’ हे स्त्रियांविषयीच्या ध्वनी व चित्र साहित्याचे संग्रहालय. ड्रेक्सेलच्या संकेतस्थळावर शोध घेताना मात्र एक काळजी घ्यावी. तिथल्या नोंदींत त्यांचे आडनाव शेवटी ‘आय’ने नव्हे, तर दोन ‘ई’ लावून लिहिलेले आहे.