वालाच्या दाण्यातला अडथळा शोधणाऱ्या कमला सोहोनी. लठ्ठपणाच्या आजच्या चर्चेशी त्यांचा काय संबंध?

भुसावळ : कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मोड आलेली मटकी. खानदेशी ताटात डाळी-कडधान्यांना कायमच मोठी जागा. आता वजन कमी करण्याच्या चर्चेतही हेच पदार्थ पुढे आलेत. वनस्पतींमधली रसायनं, आतड्यातले जिवाणू आणि लठ्ठपणा यांचं नातं जगभरातल्या प्रयोगशाळांत तपासलं जातंय. यातल्या पहिल्या भागावर, म्हणजे कडधान्यांतल्या रसायनांवर, काही दशकांपूर्वीच मुंबईत काम करणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमला सोहोनी.

कोण होत्या कमला सोहोनी?

माहेरच्या त्या भागवत. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला.

प्रवेश का नाकारला गेला?

संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रमन. मुलगी असल्याच्या कारणावरून त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई थेट बंगळुरूला पोहोचल्या आणि हटून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं. काम पसंत पडलं तरच नियमित विद्यार्थिनीचा दर्जा.

प्रा. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. ते पाहून रमन यांचं मत बदललं आणि संस्थेची दारं इतर मुलींसाठीही उघडली. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली; प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता.

वालात काय सापडलं?

भारतात परतल्यावर दिल्ली आणि कुन्नूर इथे काम करून, १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गरिबाच्या ताटातलं अन्न तपासायला घेतलं. १९५० च्या दशकात त्यांनी वाल आणि डबल बी यांमधले ट्रिप्सिनरोधक वेगळे काढून त्यांचा अभ्यास केला.

हे प्रकरण सोपं आहे. खाल्लेली प्रथिनं फोडण्यासाठी स्वादुपिंड ट्रिप्सिन नावाचं विकर लहान आतड्यात सोडतं. कच्च्या कडधान्यांतली काही प्रथिनं या ट्रिप्सिनलाच चिकटून त्याचं काम थांबवतात. परिणामी प्रथिनं पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. शिजवल्यावर हा अडथळा बराच नष्ट होतो आणि भिजवून मोड आणल्यानंही काहीसा कमी होतो. बिरड्यासाठी वाल भिजवणं, मोड आणणं, सोलणं आणि शिजवणं या खटाटोपामागे असं रसायनशास्त्र आहे.

मग जिवाणूंचा संबंध कुठे येतो?

कडधान्यांतलं सगळंच लहान आतड्यात पचत नाही. तंतू आणि काही विशिष्ट शर्करा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचा बराचसा भागही तसाच पुढे जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून वायू होतो, तशीच लहान साखळीची मेदाम्लंही तयार होतात. भूक आणि साखर नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांवर या मेदाम्लांचा परिणाम होतो, असं संशोधन सांगतं. माणसाच्या वजनावर तो किती टिकतो, याचा अभ्यास सुरू आहे.

अडथळाच औषध ठरेल?

कमलाबाईंनी जिवाणूंवर किंवा लठ्ठपणावर संशोधन केलं नव्हतं. त्यांच्या काळातला प्रश्न कुपोषणाचा होता. म्हणूनच त्यांनी नीरेचे पोषणमूल्यही तपासलं आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. उपाशी देशात ट्रिप्सिनरोधक म्हणजे वाया जाणारं प्रथिन.

आज प्रश्न उलटा झालाय. ट्रिप्सिन अडलं की पोट भरल्याचा संदेश देणारं संप्रेरक जास्त स्रवतं. म्हणून बटाट्यातला असाच एक रोधक भूक कमी करण्यासाठी वापरता येईल का, हे तपासलं गेलंय. पण याचा अर्थ कच्ची कडधान्यं खावीत असा मुळीच नाही; त्यानं पोट बिघडतं, काही कच्च्या दाण्यांतून विषबाधाही होऊ शकते.

दाव्यांकडे कसं पाहावं?

निवृत्तीनंतर कमलाबाई ग्राहक चळवळीत होत्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या अध्यक्षपदी असताना आणि त्यानंतरही, अन्नातली भेसळ कशी ओळखावी आणि वस्तू पारखून कशी घ्यावी, हे त्यांनी लोकांना सांगितलं. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि काही दिवसांतच त्यांचं निधन झालं.

वनस्पतींचा अर्क भरलेली वजन घटवणारी कॅप्सूल घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : त्यात नेमकं काय आहे, किती आहे आणि ते कुणावर तपासलंय? तोवर भिजवलेलं, नीट शिजवलेलं कडधान्य ताटात असू द्यावं.