रेनकोटाच्या तीन परीक्षा आणि ग्लासगोचे मॅकिंटॉश

ग्लासगोत राहणाऱ्या मराठी माणसाला भारतातून येणारे पाहुणे एक ठरलेला प्रश्न विचारतात, पावसासाठी जॅकेट कुठलं आणू? इथे वर्षातले साधारण १७० दिवस पाऊस पडतो. मुंबई-कोकणाच्या मानाने एकूण पाऊस कमीच. पण आपल्याकडे भिजलेला माणूस घरी जाऊन डोकं पुसतो, आल्याचा चहा पितो आणि विसरून जातो. इथला पाऊस थंड, आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा. डोंगरावर आतले कपडे ओले झाले आणि वारा सुटला की अंगातली ऊब झपाट्याने जाते, बोटं काम करेनाशी होतात, बोलणं अडखळायला लागतं. आमचा काही मराठी कुटुंबांचा मिळून चालायला जाणारा गट आहे. त्यात भारतातून आलेले आजी-आजोबा असतात आणि शाळकरी मुलंही असतात. त्यामुळे जॅकेट हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही. नवीन जॅकेट डोंगरावर न्यायच्या आधी ते तपासायचं, असा आमचा नियम आहे आणि ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं.

तपासताना मी तीनच गोष्टी बघतो. कापडातून पाणी आत येतं का? शिवणीतून येतं का? आणि आतला घाम बाहेर जातो का? गंमत म्हणजे हेच तीन प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी याच शहरातल्या एका माणसापुढे उभे राहिले होते. त्यांचं नाव चार्ल्स मॅकिंटॉश. ब्रिटनमध्ये आजही रेनकोटाला मॅक म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नाही. म्हणून त्यांची ही हकिगत.

मॅकिंटॉश यांचा जन्म २९ डिसेंबर १७६६ रोजी ग्लासगोत झाला. वडील जॉर्ज मॅकिंटॉश हे रंगाचे कारखानदार. शहराच्या पूर्वेला डनचॅटन इथे त्यांचा कडबेअर नावाच्या जांभळट रंगाचा कारखाना होता. हा रंग लायकेनपासून, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भावंडांपासून काढत. त्यासाठी अमोनिया लागायचा आणि त्या काळी तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे माणसाचं मूत्र. शहरातून ते गोळा करून पिंपं भरभरून कारखान्यात आणलं जाई. रंगाची कृती बाहेर फुटू नये म्हणून कारखान्याभोवती उंच भिंत होती आणि कामावर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, गेलिक बोलणारे लोक ठेवले होते. थोडक्यात, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूतून पैसा कसा उभा करायचा, याचं शिक्षण चार्ल्स यांना घरातच मिळालं.

वडिलांनी मुलाला एका पेढीत कारकुनीला लावलं. पण चार्ल्स यांचं मन हिशेबाच्या वह्यांत रमलं नाही. फावल्या वेळात ते रसायनशास्त्राची व्याख्यानं ऐकायला जात. एडिंबरामध्ये जोसेफ ब्लॅक यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्यानंही त्यांनी ऐकली. वयाची विशी गाठायच्या आतच त्यांनी कारकुनी सोडली आणि रसायनं बनवायचा धंदा धरला. १७९७ मध्ये ग्लासगोजवळ हर्लेट इथे जुन्या कोळशाच्या खाणींतल्या दगडापासून तुरटी काढायचा कारखाना त्यांनी भागीदारीत सुरू केला. स्कॉटलंडमधला तुरटीचा हा पहिला कारखाना. पुढे चार्ल्स टेनंट यांच्याबरोबर त्यांची भागीदारी झाली. त्या कंपनीने कापड पांढरं करायची कोरडी पावडर बाजारात आणली. पेटंट १७९९ मध्ये टेनंट यांच्या नावावर निघालं, पण त्यामागचं डोकं बरंचसं मॅकिंटॉश यांचं होतं, असं मानलं जातं. आपल्या गावी पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर, ती हीच बरं का!

आता रेनकोटाकडे येऊ. १८१८ च्या सुमारास ग्लासगोचे रस्ते कोळशाच्या गॅसने उजळायला लागले. कोळसा तापवून गॅस काढला की मागे दोन घाणेरड्या गोष्टी उरतात, डांबर आणि अमोनियाचं पाणी. गॅस कंपनीला ही ब्याद कुठे टाकावी हा प्रश्न होता. मॅकिंटॉश यांनी १८१९ मध्ये ती सगळी विकत घ्यायचा करार केला. त्यांना अमोनिया हवा होता, घरच्या रंगासाठी. मुताची पिंपं गोळा करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. मग डांबराचं काय करायचं? ते ऊर्ध्वपातित केलं की नॅफ्था नावाचं उग्र वासाचं, चटकन उडून जाणारं तेल मिळतं. या नॅफ्थात रबर विरघळतं आणि त्याची चिकट खळ तयार होते.

नॅफ्थाचा हा गुण एडिंबरामधल्या जेम्स साइम या विशीच्या आतल्या विद्यार्थ्यालाही दिसला होता आणि त्याने तो १८१८ मध्ये छापूनही आणला होता. साइमने त्याचा धंदा केला नाही. तो पुढे नामांकित शल्यचिकित्सक झाला. जंतुनाशक शस्त्रक्रियेसाठी प्रसिद्ध असलेले लिस्टर हे त्याचे जावई. मग श्रेय कुणाचं? मला वाटतं, दोघांचंही, पण वेगवेगळं. रबर नॅफ्थात विरघळतं हे सांगणं एक आणि त्या चिकट लगद्याचा अंगात घालता येईल असा कपडा करणं दुसरं.

रबर लावलेलं कापड हाताला चिकटतं, धूळ धरतं, घडी घातली की एकमेकांना चिकटून बसतं. मॅकिंटॉश यांनी यावर काढलेला तोडगा आपल्याला स्वयंपाकघरातून लगेच कळेल. गुळाची पोळी आठवा. दोन पाऱ्यांच्या मध्ये गूळ भरतो, म्हणजे गूळ हाताला लागत नाही. तसंच त्यांनी एका कापडावर रबराची खळ पसरली, तिच्यावर दुसरं कापड ठेवलं आणि दोन्ही रुळांखाली दाबून एक केली. चिकट रबर आत राहिलं, हाताला लागेल ते दोन्ही बाजूंनी साधं कापड. जून १८२३ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीनेही त्यांना आपले सभासद करून घेतलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५६.

पहिल्या परीक्षेत हे कापड उत्तम उतरलं. जॉन फ्रँकलिन यांनी १८२५ मध्ये सुरू झालेल्या आर्क्टिक मोहिमेवर ते नेलं. मोहिमेतली एक घडीची छोटी होडी याच कापडाने मढवली होती. आजही जॅकेटची पहिली परीक्षा कापडाचीच असते. प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा घट्ट पकडून त्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि पलीकडे तीन जागी थेंब दिसले की आकडा नोंदवतात. जॅकेटच्या चिठ्ठीवर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब त्या कापडाने सोसला. पावसाच्या थेंबाचा दाब इतका नसतो. पण सॅकचा पट्टा खांद्यावर दाबतो, ओल्या दगडावर आपण बसतो, तिथे दाब वाढतो. म्हणून आकडा बघायचा.

पण कापड पास झालं म्हणजे जॅकेट पास झालं असं नाही. मॅकिंटॉश यांनाही ते लवकरच कळलं. मॅंचेस्टरला कारखाना निघाला, तिथलं कापड शिंप्यांकडे जाऊ लागलं. शिंप्यांनी नेहमीसारखे कोट शिवले. सुईचं एकेक टोक म्हणजे रबराला एकेक भोक! पाणी त्या भोकांतून बेधडक आत यायचं आणि गिऱ्हाईक दोष द्यायचं कापडाला. शेवटी कंपनीने कोट शिवायचं काम स्वतःकडे घेतलं आणि शिवणीवर रबराचा थर देऊन भोकं बुजवायला सुरुवात केली. आज जॅकेट उलटं केलं की शिवणीवर जी पट्टी चिकटवलेली दिसते, तिचं मूळ इथे आहे.

म्हणून माझी घरची दुसरी परीक्षा शिवणीची. आत फिक्या करड्या रंगाचा सुती टी-शर्ट घालायचा, वर जॅकेट, टोपी आवळायची आणि दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहायचं. हात वर करायचे, वाकायचं, वळायचं. मग जॅकेट काढून टी-शर्टवर डाग बघायचे. करड्या कापडावर पाण्याचा ठिपका लगेच गडद दिसतो. खांदा, काख, चेन, टोपीची कड आणि मनगट या पाच जागा नीट बघायच्या. घरचे हसतात, पण हसू द्यावं.

तिसरी परीक्षा घामाची आणि इथेच मॅकिंटॉश यांच्या कोटाची खरी दमछाक झाली. पाणी आत येत नव्हतं, तसा घामही बाहेर जात नव्हता. अंगाला कोंडणारा हा कपडा प्रकृतीला वाईट, असं त्या काळचे डॉक्टर सांगू लागले. त्यात नॅफ्थाचा वास असा की कोट घातलेला माणूस येण्याआधी वास यायचा. उन्हात आतलं रबर मऊ होऊन चिकट व्हायचं, थंडीत पापडासारखं कडक. लोकरीतलं नैसर्गिक तेल रबराला खराब करायचं, ते वेगळंच. तरी घोडागाडीच्या टपावर बसून भर पावसात प्रवास करणाऱ्यांना हा कोट हवा होता. पुढे रेल्वे आली, प्रवासी छपराखाली बसायला लागले आणि मागणी घटली.

घामाची परीक्षा शॉवरखाली होत नाही. त्यासाठी चढ लागतो. आम्ही लोमंड सरोवराकाठच्या कॉनिक हिलवर जातो. पाठीवर सॅक घेऊन तासभर न थांबता चढायचं आणि वर पोचल्यावर आत हात घालून बघायचं. गळती आणि घाम यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. गळती एका जागी असते, घाम पाठभर पसरलेला असतो. अनेकजण घामाने भिजतात आणि जॅकेट गळतं म्हणून परत करतात. शिवाय वरच्या कापडावर पाण्याचे मोती होईनासे झाले, कापड पाणी पिऊन जड झालं, की आतला पडदा चांगला असूनही घाम कोंडतो. अशा वेळी जॅकेट या कपड्यांसाठीच्या साबणाने धुऊन, चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद आचेवर वाळवलं, की बऱ्याचदा ते पुन्हा मोती झटकायला लागतं.

मॅकिंटॉश यांच्याकडे असले उपाय नव्हते. त्यांच्या मदतीला आले लंडनचे थॉमस हॅनकॉक. रबर मळून मऊ करायचं यंत्र हॅनकॉक यांनी बनवलं होतं. त्यांनी आधी मॅकिंटॉश यांच्याकडून परवाना घेतला आणि पुढे ते कंपनीत भागीदार झाले. त्यांच्यामुळे नॅफ्था कमी लागू लागला, थर पातळ आणि सारखा बसू लागला. पेटंटवरून १८३६ मध्ये खटला लढवावा लागला, तोही कंपनीने जिंकला. याच काळात मॅकिंटॉश लोखंडाच्या धंद्यातही होते. ग्लासगोच्या गॅस कारखान्याचे व्यवस्थापक जेम्स नीलसन यांनी भट्टीत गरम हवा फुंकून कोळसा वाचवायची युक्ती शोधली, तिच्या पेटंटमध्ये मॅकिंटॉश यांचा वाटा होता. पण उन्हात चिकट, थंडीत कडक हा रबराचा मूळ दोष काही जात नव्हता.

तो दोष गेला गंधकामुळे. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते उन्हाथंडीला दाद देत नाही. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना हे आधी सापडलं. इंग्लंडमध्ये हॅनकॉक यांनी त्यासाठी नोव्हेंबर १८४३ मध्ये पेटंटचा अर्ज केला. मॅकिंटॉश त्याच वर्षी २५ जुलैला, डनचॅटनच्या घरी वारले होते. अवघे चार महिने! ज्या दोषावरून वीस वर्षं गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकली, त्याचा इलाज त्यांच्याच भागीदाराच्या हातून झाला आणि तो बघायला ते नव्हते. घामाचा प्रश्न तर त्यानंतरही शंभरावर वर्षं तसाच राहिला. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला, तेव्हा कुठे वाफ बाहेर सोडणारं आणि पाणी अडवणारं कापड हाती आलं. रचना मात्र तीच, कापडाला चिकटवलेला पाणीरोधक थर.

ग्लासगो कॅथीड्रलच्या आवारात मॅकिंटॉश यांना पुरलं आहे. तिकडे येणारे पर्यटक कॅथीड्रल बघतात, मागच्या टेकडीवरचं मोठं कब्रस्तान बघतात आणि बहुतेक जण अंगात त्यांचाच वारसा घालून त्यांच्या शेजारून निघून जातात. इंग्रजीत रेनकोटाच्या नावात एक जादा अक्षर शिरलं आहे, त्यामुळे त्यांचं नावही धड त्यांच्यासारखं उरलेलं नाही.

त्यांचा कोट तीनपैकी एका परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला, दुसरीत खटपट करून, तिसरीत नापासच. तरी त्यांनी तो सोडून दिला नाही, म्हणून पुढच्यांना दुरुस्त करायला काहीतरी हातात होतं. तेव्हा इकडे यायचं ठरवत असाल तर जॅकेट जरूर आणा, महागच हवं असं काही नाही. फक्त निघण्याआधी घरच्या शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा आणि एखादा गड चढून या. जॅकेट तिथे नापास झालं तर चालेल. इथल्या डोंगरावर व्हायला नको.