पाखरांच्या नावांतील माणूस

मुलांनो, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात पिशोर नावाचे गाव आहे. एखाद्या सकाळी त्या बाजूच्या एखाद्या तळ्याच्या काठी उभे राहा. चिखलात मान आखडून बसलेला एक मातकट बगळा तुम्हांला दिसेल. जवळ गेलात की तो उडतो आणि एकदम पांढराशुभ्र दिसू लागतो. हा वंचक. कोणी त्याला ढोकरी म्हणतात. पलीकडे बाभळीखाली राखाडी रंगाच्या सहा-सात पाखरांचा कलकलाट चाललेला असेल. ते सातभाई.

ही झाली आपली घरगुती नावे. ती गावागणिक बदलतात. उर्दूत वेगळी, मराठीत वेगळी, तमिळमध्ये आणखी वेगळी. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक प्राण्याला साऱ्या जगात चालेल असे एक नाव देतात. त्यात दोन शब्द असतात. पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्या जातीचा. या दुसऱ्या शब्दात पुष्कळदा एखादा माणूस लपलेला असतो! वंचकाचे शास्त्रीय नाव आहे आर्डिओला ग्रेई. त्यातील ग्रे हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एक प्राणिशास्त्रज्ञ होते. राखी सातभाईच्या नावात माल्कमी हा शब्द आहे. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ही दोन्ही नावे १८३२ साली कर्नल साइक्स यांनी दिली. दख्खनमध्ये हिंडून त्यांनी येथील पक्ष्यांची यादी केली होती. गव्हर्नरसाहेबांनी तो सातभाई कधी नीट पाहिला होता की नाही, कोण जाणे!

जुन्या नावांत अशी साहेबांची नावे फार. परंतु एक नाव वेगळे आहे. ते आहे सालिमअलीई. हा माणूस आपल्या मुंबईचा. त्याची गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनी छोट्या सलीमला एक हवेची बंदूक दिली. मग काय, सलीम दिवसभर चिमण्यांच्या मागे!

एके दिवशी पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हती. तेव्हा ती खाणे धर्माप्रमाणे चालेल की नाही, अशी शंका त्याच्या मनात आली. तो ती मामांकडे घेऊन गेला. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी एक चिठ्ठी लिहून सलीमला मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

अपोलो स्ट्रीटवरील त्या कचेरीत पाऊल टाकताना मुलाची छाती धडधडत होती. समोर एक इंग्रज साहेब, आणि आपल्या हातात मेलेली चिमणी! पण मिलार्ड हसतमुख होते. त्यांनी चिमणी पाहताच ओळखली आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी मुलाला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. किनियर नावाच्या तरुण अधिकाऱ्याशी त्याची ओळख करून दिली. हे किनियर तुम्ही लक्षात ठेवा. ते पुन्हा येणार आहेत.

यानंतर सारे सरळ झाले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. सलीम अली १९१३ साली मॅट्रिक झाले, पण कॉलेजात त्यांचे मन रमले नाही. ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व्यवसायात गेले. तेथेही हिशेबापेक्षा जंगलातच वेळ जास्त गेला. १९१७ साली ते परत आले. मग दिवसा व्यापारी शिक्षण आणि प्राणिशास्त्र अशी दोन्हीकडे धावपळ झाली. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्या हाती कधी आली नाही. आणि पुढे सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पदवी नाही म्हणून ती त्यांना मिळाली नाही.

१९१८ साली त्यांचा तहमीना बेगम यांच्याशी विवाह झाला. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांना नोकरी मिळाली. येणाऱ्यांना प्राण्यांची माहिती सांगण्याचे ते काम होते. तेच ते किती दिवस सांगणार? १९२८ साली रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे खरे शिक्षण घेऊन आले. १९३० साली परत येतात तो काय! पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झाली होती.

आता घर चालणार कसे? पतिपत्नी मुंबईपलीकडच्या किहीम गावी, समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. तेथे जवळच सुगरणींची वसाहत होती. उर्दूत तुम्ही ज्याला बया म्हणता, तोच हा पक्षी. बेकार सलीम अली रोज तासन्‌तास ती घरटी पाहत बसू लागले. त्यांना एक मजेदार गोष्ट दिसली. नर घरटे अर्धवट विणतो. मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घर पसंत पडले की ती तेथे राहते आणि नर ते पुरे करतो. त्यानंतर तो शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो! नोकरी गेली नसती तर हे एवढ्या सवडीने पाहायला मिळाले असते का, असे मला नेहमी वाटते.

मग सलीम अलींनी एक युक्ती काढली. संस्थानांना त्यांनी कळवले, की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी बिनपगारी करून देतो. निजामाचे हैदराबाद संस्थान कबूल झाले. १९३१-३२ साली ही पाहणी झाली. त्या काळी पिशोर, कन्नड आणि सारा औरंगाबाद जिल्हा याच संस्थानात होता. तहमीना बेगम बरोबर असत. रानातील तंबू, स्वयंपाक, सामानसुमान हे सारे त्या सांभाळत. शहरात वाढलेल्या त्या बाईंनी हे जीवन आनंदाने पत्करले होते.

पाहणीत मिळालेले नमुने तपासण्याचे काम इंग्लंडमधील ह्यू व्हिसलर यांनी केले. व्हिसलर पूर्वी पंजाबात पोलीस अधिकारी होते आणि पक्ष्यांचे मोठे जाणकार होते. या दोघांची ओळख मात्र भांडणातून झाली होती. कोतवाल जातीच्या एका पक्ष्याच्या शेपटीविषयी व्हिसलर यांनी काही लिहिले होते. ते चूक आहे, असे सलीम अलींनी मापे देऊन दाखवले. कोण हा नवखा हिंदी माणूस, म्हणून व्हिसलर रागावले. त्यांनी सोसायटीच्या संपादकांना तिखट पत्रे लिहिली. नंतर त्यांनी स्वतःजवळचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा सलीम अलींचेच खरे निघाले. व्हिसलर यांनी चूक कबूल केली आणि दोघे जन्माचे मित्र झाले.

याच व्हिसलर यांनी १९३४ साली किनियर यांच्याबरोबर एका सुतार पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. होय, तेच किनियर! केरळच्या बाजूचा सोनेरी पाठीचा हा सुतार इतर ठिकाणच्या सुतारांपेक्षा थोडा वेगळा होता. अशा पोटजातीला नावात तिसरा शब्द जोडतात. त्यांनी शब्द जोडला तेहमिनी. म्हणजे तहमीना यांचा. नाव पुरुषाचे असेल तर शेवटी एक अक्षर लागते, स्त्रीचे असेल तर दुसरे. त्यामुळे जाणकाराला नुसते नाव वाचून कळते, की हा मान एका बाईंना दिलेला आहे. सलीम अलींचे नाव एखाद्या पाखराला मिळण्याआधी त्यांच्या पत्नीचे मिळाले.

१९३९ साली तहमीना बेगम यांच्यावर एक लहानशी शस्त्रक्रिया झाली. तिच्यातून त्या उठल्या नाहीत. सलीम अली मनाने पार खचले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले. हळूहळू ते रानात परत गेले. पण तंबूत आता ते एकटे होते.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक निघाले. सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवणारे हे पुस्तक आजही वाचले जाते. १९४३ मध्ये व्हिसलर यांनी दक्षिणेतील लाव्याच्या एका पोटजातीला सालिमअलीई हे नाव दिले. त्याच वर्षी व्हिसलर वारले. गंमत अशी, की या लाव्याला आधीचे नाव कर्नल साइक्स यांनी दिलेले आहे. म्हणजे सबंध नाव वाचताना दख्खनचे दोन पाहणीदार शेजारी शेजारी येतात.

पुढे हे नाव आणखी काही जिवांना मिळाले. त्यांतील एक तर पक्षीच नाही. १९४८ साली दक्षिणेच्या डोंगरात एक वटवाघूळ सापडले. नेहमीचेच असेल असे समजून ते मुंबईच्या सोसायटीच्या संग्रहात ठेवले गेले. चोवीस वर्षे ते तेथे पडून होते. १९७२ मध्ये थायलंडच्या थाँगलाँग्या या शास्त्रज्ञांनी ते नीट पाहिले. ती निराळीच जात निघाली. त्यांनी तिला सलीम अलींचे नाव दिले. ज्या संस्थेत एका मुलाने चिमणी नेली होती, तिच्याच संग्रहात हे घडले.

भरतपूरचे पाणपक्ष्यांचे रान वाचावे म्हणून सलीम अलींनी खटपट केली. डिलन रिप्ले यांच्याबरोबर दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. १९८७ साली, नव्वद वर्षांचे असताना ते मुंबईत वारले. छत्रपती संभाजीनगर शहरात दिल्ली दरवाजाजवळ जुना खिजरी तलाव आहे. त्याला आता सलीम अली सरोवर म्हणतात.

शेवटचे नाव त्यांना मृत्यूनंतर मिळाले. २००९ साली अरुणाचल प्रदेशात पेर आलस्ट्रोम आणि शशांक दळवी हे अभ्यासक हिमालयातील एका कस्तुराचे गाणे ऐकत होते. दिसायला पक्षी सारखाच, पण झाडीतील कस्तुर गोड गात होता आणि उंच उघड्या डोंगरावरचा कर्कश ओरडत होता. एवढ्या फरकावरून शोध सुरू झाला. सात वर्षे रानातील आणि संग्रहालयांतील नमुने तपासले गेले. २०१६ साली ठरले, की या दोन वेगळ्या जाती आहेत. झाडीत गोड गाणाऱ्या कस्तुराला त्यांनी झूथेरा सालिमअलीई हे नाव दिले.