किल्लेकोट न करताच माजी जगज्जेत्याला हरवलं. कोण होते सुलतान खान?

नंदुरबार: शहादा असो वा तळोदा, मोबाइलवर बुद्धिबळ शिकणाऱ्याला पहिला सल्ला ठरलेला असतो. लवकर किल्लेकोट करा, कडेची प्यादी उगाच पुढे ढकलू नका. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत एका भारतीयाने हे दोन्ही मोडून माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं.

त्यांचं नाव मीर सुलतान खान. जन्म पंजाबातल्या मिठा टिवाना गावचा. ते ज्या देशी पद्धतीत वाढले, त्यात प्यादं सुरुवातीला दोन घरं जात नसे. किल्लेकोटही आजच्यासारखा नव्हता. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले आणि पुढच्याच वर्षी आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्यासोबत लंडनला गेले. तिथे ओपनिंगची पुस्तकी तयारी त्यांना कायम नडली. तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं त्यांनी जिंकली.

त्या डावात काय झालं?

कॅपाब्लांकाने आठव्या चालीला किल्लेकोट केला. सुलतान खान यांनी केलाच नाही. १४व्या चालीला त्यांनी हत्तीपुढचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, १९व्या चालीला शेजारचंही. वरवर हा आततायीपणा वाटतो. पण तोवर पटाच्या मध्यभागी दोघांची प्यादी एकमेकांना अडकून बसली होती, त्यामुळे मधल्या राजावर थेट हल्ल्याला वाट नव्हती. (मध्य मोकळा असेल तर हा प्रयोग करू नये, डाव लवकर संपतो.)

एकच उभी ओळ उघडी होती. तिथून कॅपाब्लांकाचे हत्ती शिरले, तेव्हा सुलतान खान यांनी वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतले. दुसरा हत्ती तर राजानेच मारला. पुढे डाव रेंगाळला आणि ६५व्या चालीला त्यांनी जिंकला.

मग ते विस्मरणात का गेले?

१९३३ अखेरीस आश्रयदाता भारतात परतला, त्याच्याबरोबर सुलतान खानही. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना फक्त एक बरोबरी मिळाली. त्यानंतर सुलतान खान स्पर्धांमधून जवळपास दिसेनासे झाले. १९६६ मध्ये सरगोधा इथे त्यांचं निधन झालं. फिडेने मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ मध्ये.