दुष्काळातून सुटलेल्या पोरींना वाटायचं, ही बाई आपलं तेल काढणार…

गोष्ट १८९७ सालची. मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता. तिथून सुटका करून आणलेल्या मुलींना पोटभर अन्न मिळत होतं, अंगावर कपडे होते, रागावणारं कोणी नव्हतं. तरी त्यातल्या काही जणी घाबरून होत्या. आपण जरा अंगानं भरलो की ही बाई आपल्याला उलटं टांगणार, खाली जाळ करणार आणि आपलं तेल काढणार, असं त्यांना वाटत होतं.

ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

एवढी भीती का? कारण दुष्काळात या मुलींना मदतीच्या नावाखाली फसवणारी माणसंच जास्त भेटली होती. निवाऱ्याच्या छावण्यांवरही मुली पळवणाऱ्यांचा डोळा असायचा. फुकट जेवू घालणाऱ्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा?

आज याला ट्रॉमा म्हणतात. मोठ्या आघातानंतर मनाला होणाऱ्या त्रासाला अमेरिकेच्या मानसोपचार नियमावलीत पीटीएसडी हे नाव मिळालं १९८० साली. त्याच्या ८० वर्षं आधी रमाबाईंकडे असल्या शेकडो मुली होत्या. डिग्री नव्हती. मग अनुभव कुठला?

पहिला अनुभव स्वतःचाच.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं होतं. सगळं कुटुंब पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि घरात खायला काही उरलं नाही. आधी वडील गेले, मग आई. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात. रमाबाईंची उंची कमी, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली. त्यानंतर बहीणही गेली.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हिंदुस्थानभर फिरले. झेलम नदीकाठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं. १८८२ मध्ये कॉलऱ्यानं तेही गेले. रमाबाई वयाच्या तेविसाव्या वर्षीच विधवा झाल्या, कडेवर मनोरमा नावाची तान्ही लेक.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. तिथं तिचं मन पार बिघडलं आणि तिनं विष घेऊन जीव दिला. रमाबाई हादरून गेल्या. पुढं त्या ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर यांच्या घरी राहिल्या, तेव्हा त्यांना रात्री एकटं झोपायची भीती वाटायची. खोलीत एक मोलकरीण झोपवावी लागायची.

म्हणजे पुढं ज्यांना त्या सांभाळणार होत्या, त्या मुलींची अवस्था त्यांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही.

दुसरा अनुभव शिकून घेतलेला.

लंडनजवळच्या फुलहॅममध्ये त्यांनी समाजानं वाईट ठरवलेल्या बायकांसाठीचा आश्रम पाहिला. तिथं या बायकांना शिक्षा होत नव्हती, त्यांना माणसासारखं वागवलं जात होतं. याचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं फ्रोबेलची बालवाडी पद्धत शिकल्या. मुलाला हातानं काहीतरी करू दिलं की ते शिकतं, हे त्या पद्धतीचं सूत्र.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्याच विद्यार्थिनींत होत्या बालविधवा गोदूबाई, ज्यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. तोवर सदन पुण्याला आलं होतं. तिथं धर्मांतराच्या आरोपावरून मोठा वाद झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ही टीका रमाबाईंच्या मागं आयुष्यभर राहिली.

मग १८९७ आलं. मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींची संख्या ३०० च्या घरात गेली. पुण्यात प्लेग असल्यानं त्यांना तिथं ठेवता येईना. दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथं झाडाखाली, तंबूत आणि झोपड्यांत संसार मांडला गेला. तेच मुक्ती सदन.

इथं उपाय साधे होते. आधी अन्न, आंघोळ, कपडे आणि औषध. मग नव्या मुलींचे गट करून ते शारदा सदनातल्या मोठ्या मुलींकडं सोपवायचे. म्हणजे दुःख भोगलेलीनंच दुःख भोगलेलीला सांभाळायचं. त्यानंतर शाळा आणि हाताला काम. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणी, अगदी छापखानाही मुली चालवायच्या. ज्या मुलींना आपलं तेल काढतील अशी भीती होती, त्यांच्याच आश्रमात मुली घाण्यावर तेल काढायला शिकल्या.

फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. लेक मनोरमा ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली. १९०० च्या सुमारास केडगावात जवळपास दोन हजार जणी राहत होत्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. आईवडील, भावंडं, नवरा आणि शेवटी लेक, सगळ्यांचे मृत्यू रमाबाईंनी पाहिले. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी केडगावातच डोळे मिटले.

मुक्ती मिशन आजही तिथं सुरू आहे. आघात झालेल्या माणसाला आधी सुरक्षित वाटलं पाहिजे, मग सोबत मिळाली पाहिजे आणि मग स्वतःच्या हातात काहीतरी आलं पाहिजे, हे आजचे थेरपिस्टही सांगतात. केडगावात ते १८९७ पासून चालू होतं.