ब्रॉड स्ट्रीटची मोरी आणि डॉक्टर स्नो

घराची मोरी तुंबून मैलापाणी दारात आले म्हणजे गृहस्थ दोन बादल्या पाणी ओततो, वर फिनेल शिंपडतो आणि दुर्गंधी ओसरली की घाणही गेली असे समजतो. या समजुतीपायी १८५४ साली लंडनच्या एका वस्तीत सहाशेहून अधिक माणसे पटकीने मेली. ती समजूत खोटी ठरविण्यासाठी डॉक्टर जॉन स्नो यांनी आपले अल्प आयुष्य वेचले.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्क येथे एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलला एका शस्त्रवैद्याकडे उमेदवारी आणि १८३१-३२ च्या साथीत किलिंगवर्थच्या खाणमजुरांची शुश्रूषा. खाणीत शौचाची सोय नसे आणि मजूर त्याच अंधारात न धुतल्या हातांनी जेवीत. पुढे लंडनमध्ये १८४४ साली त्यांनी एम. डी. पदवी मिळविली. राणी व्हिक्टोरियाला १८५३ च्या प्रसूतीत त्यांनीच क्लोरोफॉर्म दिला. परंतु खाणीतली ती न्याहारी ते विसरले नव्हते.

रोग दूषित हवेतून पसरतो, हे तेव्हाचे सर्वमान्य मत होते. म्हणूनच घरोघरच्या मैलाकुंड्या रिकाम्या करून सारी घाण थेम्स नदीत सोडण्याचा उद्योग सुधारणेच्या नावाने चालला होता. आणि त्याच नदीचे पाणी शहराचा मोठा भाग पीत होता! पटकीचे विष पोटात जाते ते पाण्यावाटे, असे स्नो यांनी १८४९ मध्येच पुस्तिका लिहून मांडले. कोणी फारसे लक्ष दिले नाही.

३१ ऑगस्ट १८५४ रोजी सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. स्नो दारोदार हिंडले आणि कोणत्या घरचे पाणी कोठून येते ते विचारीत गेले. बहुतेक मृत्यू एकाच सार्वजनिक पंपाभोवती आढळले. त्यांच्या आग्रहाखातर ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर उतरणीला लागलीच होती, हे स्नो यांनी स्वतः प्रामाणिकपणे नमूद केले आहे. स्थानिक अधिकाऱ्यांनी मात्र रस्ते आणि गटारे चुन्याच्या क्लोराइडने, म्हणजे आजच्या ब्लीचिंग पावडरीने, पांढरी केली. वास गेला, जमिनीखाली कोणी पाहिले नाही.

ते पाहणे घडले एका विरोधकामुळे. हेन्री व्हाइटहेड हे तेथील तरुण धर्मोपदेशक स्नो यांचे मत खोडून काढण्यास निघाले आणि शोध घेता घेता त्यांच्याच बाजूस आले. पंपासमोरच्या चाळीस क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल अगदी आरंभी दगावले होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी आईने घरापुढच्या कुंडीत ओतले होते. १८५५ मध्ये ती जागा खणण्यात आली. दुर्गंधी अडावी म्हणून मोरीवर बांधलेली ती कुंडी मुळातच चुकीची बांधली गेली होती. तिच्यामुळे मोरीच तुंबत होती. विटांमधला चुना निकामी झाला होता, विटा हाताने सहज निघत होत्या आणि पंपाची विहीर तेथून तीन फुटांच्याही आत होती. पाझर थेट विहिरीत. दुरुस्तीला एक गवंडी आणि थोड्या विटा पुरल्या असत्या; परंतु मोरी एका घराची आणि विहीर साऱ्या वस्तीची, तेव्हा हा खर्च कोणाच्याच हिशेबात नव्हता.

आरोग्य मंडळाच्या समितीने त्यानंतरही स्नो यांचे मत नाकारले. १६ जून १८५८ रोजी पक्षाघाताने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. त्याच उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटच्या सभासदांना बसणे अशक्य केले आणि ऑगस्टमध्ये बॅझलजेट यांच्या भूमिगत गटारांच्या योजनेला कायद्याने पैसा मिळाला. तो मिळाला वासासाठी. पाण्याचा विचार त्यात गौणच होता. १८६६ साली गटारांचे काम अपुरे राहिलेल्या पूर्व लंडनमध्ये पटकी पुन्हा आली, तेव्हा विल्यम फार हे स्नो यांचे जुने टीकाकार सर्वांत आधी पाणी तपासायला धावले.