कॅप्टन मॅथ्यू वेब

इंग्लंड व फ्रान्स या दोन देशांच्या मध्यें असलेली इंग्लिश खाडी डोव्हरजवळ अवघी २१ मैल रुंद आहे. नकाशावर ती एखाद्या नदीएवढी दिसते. परंतु तेथील पाणी भर उन्हाळ्यांतहि अंग गारठविणारें असून भरती-ओहोटीची ओढ इतकी कीं, सरळ निघालेला मनुष्य सरळ पोहोंचेलच असें नाहीं. ही खाडी कोणत्याहि साधनावांचून पोहून जाणारा पहिला पुरुष म्हणजे मॅथ्यू वेब.

त्याचा जन्म श्रॉपशायर परगण्यांतील डॉली या गांवीं ता. १९ जानेवारी १८४८ रोजीं झाला. बाप डॉक्टर होता व घरांत मुलें पुष्कळ. सेव्हर्न नदींत तो लहानपणींच पोहावयास शिकला. पुढें खलाशी विद्येची शाळा असलेल्या 'कॉन्वे' जहाजावर दाखल होऊन त्यानें हिंदुस्थान व चीन येथें जाणाऱ्या व्यापारी गलबतांवर उमेदवारी केली. १८७३ सालीं अटलांटिक महासागरांत 'रशिया' या आगबोटीवरून एक खलाशी पाण्यांत पडला, तेव्हां वेबनें खवळलेल्या समुद्रांत उडी टाकली. खलाशी हातीं लागला नाहीं. पण या धाडसाबद्दल दिलें गेलेलें पहिलें स्टॅनहोप पदक वेबला मिळालें.

१८७२ सालीं जे. बी. जॉन्सन या पोहणाऱ्यानें खाडी ओलांडण्याचा प्रयत्न केला होता व तो फसला होता. ही हकीकत वेबच्या वाचनांत आली. त्या वेळीं तो 'एमराल्ड' आगबोटीचा कप्तान होता. त्यानें नोकरी सोडली.

येथून पुढचा भाग विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा. आपल्याकडील पुष्कळ मुलें 'शरीर कमवावयाचें' असा निश्चय करितात. किती, कशासाठीं, कोणत्या दिवसापर्यंत, यांतील कांहींच ठरलेलें नसतें. मग पहिल्या दिवशीं शंभर जोर, दुसऱ्या दिवशीं अंगदुखी, आणि आठव्या दिवशीं लंगोट खुंटीवर! उत्तम पोहणारा व्हावें, एवढीच मोघम इच्छा वेबनें धरिली नाहीं. डोव्हरला पाण्यांत शिरावयाचें व फ्रान्सच्या वाळूवर पाय टेकावयाचे, हें त्याचें ठरलेलें होतें. इतकें निश्चित झाल्यावर आपणांस काय कमी आहे हें त्याला मोजतां येऊं लागलें. वेगाची त्याला फारशी गरज नव्हती. थंड पाण्यांत दिवसभर टिकावयाचें होतें. म्हणून लंडनमधील लॅम्बेथ भागांतील हौदांत प्रथम सराव करून तो थेम्स नदींत व नंतर समुद्रांत उतरला. १८७५ च्या जुलै महिन्यांत ब्लॅकवॉलपासून ग्रेव्हझेंडपर्यंतचें अंतर, ओहोटीचा फायदा घेऊन, त्यानें पांच तासांच्या आंत काटलें. त्याच महिन्यांत डोव्हरहून रॅम्सगेटपर्यंत साडेएकोणीस मैल तो पोहला. त्यास सुमारें पावणेनऊ तास लागले. नदी व समुद्र यांतला फरक या दोन आंकड्यांतच दिसतो.

ता. १२ ऑगस्टला त्यानें पहिला प्रयत्न केला. सुमारें सात तासांनीं वाऱ्यामुळें व लाटांमुळें तो सोडावा लागला. मुक्काम बदलण्याचें मात्र त्याच्या मनांतहि आलें नाहीं. ता. २४ रोजीं दुपारीं एकाच्या सुमारास, अंगाला पॉर्पसचें तेल चोळून, त्यानें पुन्हां डोव्हरच्या धक्क्यावरून उडी घेतली. बेडकाप्रमाणें हातपाय पसरीत तो संथपणें पोहत राहिला. बरोबरच्या होड्यांतून त्याला कॉफी, मांसाचा रस व ब्रँडी देत. ब्रँडीनें ऊब येते अशी त्या काळची समजूत. वास्तविक मद्यानें अंगांतील उष्णता अधिकच बाहेर जाते. रात्रीं एका जेलीफिशनें त्यास दंश केला. फ्रान्सचा किनारा दिसूं लागल्यावर ओहोटीनें त्यास कित्येक तास जवळ येऊं दिलें नाहीं. हा काळ सर्वांत कठीण गेला असावा, कारण दृष्टीस पडलेलें स्थळ हातीं न येणें हें थकलेल्या मनुष्यास फार जड जातें. अखेर २५ तारखेच्या सकाळीं, २१ तास ४५ मिनिटांनीं, तो कॅले येथें किनाऱ्यास लागला. वळणें घेत घेत तो सुमारें ३९ मैल पोहला होता! त्याच्यामागून खाडी पार करणारा दुसरा पुरुष, टॉमस बर्जेस, १९११ सालीं निघाला. आपले मिहिर सेन १९५८ सालीं पार झाले.

पुढील आठ वर्षांचें वृत्त मी थोडक्यांत देतों. वेबची कीर्ति सर्वत्र झाली. आगपेट्यांवर त्याचें चित्र छापूं लागले. पण आतां पोहून कोठें जावयाचें हें त्याच्यापुढें राहिलें नाहीं. तो पैशांसाठीं शर्यती करी व हौदांत तासन्‌तास तरंगून लोकांस तमाशा दाखवी. कोणता पराक्रम करावयाचा हें जमावच ठरवूं लागला. प्रकृति ढासळत असतां त्यानें अमेरिकेंत नायगारा धबधब्याखालील भोवऱ्यांतून पोहण्याचें जाहीर केलें. अनेकांनीं तें आत्मघाताचें कृत्य म्हणून सांगितलें. खाडीसाठीं त्यानें पायरीपायरीनें तयारी केली होती. या भोवऱ्यांसाठीं कोणती पायरी असणार? ता. २४ जुलै १८८३ रोजीं त्यानें होडींतून उडी घेतली, आणि कांहीं मिनिटांतच तो दिसेनासा झाला. प्रेत चार दिवसांनीं सांपडलें. वय ३५ वर्षांचें होतें. मागें पत्नी व दोन लहान मुलें राहिलीं. तेथील ओकवुड दफनभूमींत त्यास मूठमाती देण्यांत आली.